गाडीच्या पायात साखळ्या

मैत्रिणींनो, शीर्षक वाचून तुम्हांला बाळाच्या पायातल्या चांदीच्या साखळ्या आठवल्या असतील. मी लिहिणार आहे ते मोटारीच्या चाकांना बांधायच्या लोखंडी साखळ्यांबद्दल. बर्फाच्या रस्त्यावर गाडी घसरू नये म्हणून त्या बांधतात. आता रोह्याच्या बाईला बर्फाशी काय देणंघेणं, असं तुम्ही म्हणाल. खरंच आहे ते. आमच्याकडे बर्फ बघायचा तो कोळणीच्या पाटीत सुरमईच्या अंगाखाली, नाहीतर गोळेवाल्याच्या गाडीवर!

पण हल्ली आपल्या गावागावांतून मंडळी ऐन हिवाळ्यात मनालीला निघतात. पूर्वी रोहतांगची खिंड थंडीत बंद असायची. ३९७८ मीटर उंचीवर कोण कशाला जातंय? ३ ऑक्टोबर २०२० ला त्या खिंडीच्या पोटातून काढलेल्या अटल बोगद्याचं उद्घाटन झालं आणि सगळं बदललं. ९.०२ किलोमीटरचा बोगदा, पलीकडे लाहौलचं सिस्सू गाव. बोगद्याची दोन्ही तोंडं ३००० मीटरच्या वर आहेत. तिथपर्यंत आता आपल्यासारखी सपाटीवरची, कोकणातली माणसं आपली घरगुती गाडी घेऊन डिसेंबरात जातात. आम्हीही गेलो. आणि काय झालं ते तुम्हांला सांगावंसं वाटलं, कारण तुमच्यातल्या कितीतरी जणी पुढच्या नाताळच्या सुट्टीत तिथंच असाल.

आमचे धाकटे भाऊजी चंदीगडला नोकरीला आहेत. २०२१ च्या डिसेंबरात त्यांचा फोन आला, “वहिनी, मुलांना आणि आईला घेऊन या, बर्फ दाखवतो.” सासूबाईंनी जन्मात बर्फाचा डोंगर पाहिलेला नव्हता. आम्ही चौघं आणि सासूबाई रेल्वेने चंदीगडला पोहोचलो. तिथून मनाली साधारण ३०० किलोमीटर. धाकट्या जावेला रजा नव्हती, म्हणून ती घरी राहिली आणि भाऊजींच्या छोट्या गाडीत आम्ही दाटीवाटीने बसलो.

तयारीची वाटणी आपल्या घरांत होते तशीच झाली होती. कानटोप्या, स्वेटर, मेतकूट, चिवडा, सासूबाईंची औषधं, मुलांच्या नाकाला लावायचं तूप हे सगळं माझ्याकडे. गाडीचं सगळं पुरुषांकडे. भाऊजींनी बर्फासाठी म्हणून प्लास्टिकचे दहा पट्टे घरपोच मागवले होते. खोक्यावर बर्फातून धावणाऱ्या गाडीचं छान चित्र होतं. मी ते चित्र पाहिलं आणि पुन्हा डबे भरायला लागले.

मनालीच्या वर पलचान गावापाशी पोलिसांनी गाडी थांबवली. बर्फ पडला की तिथं नियम असतो. चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी गाडी असेल, नाहीतर चाकांना साखळ्या असतील, तरच वर सोडतात. फारच बर्फ असेल तर कुणालाच सोडत नाहीत. भाऊजींनी पट्टे दाखवले. हवालदाराने नुसती मान हलवली. रस्त्याच्या कडेला साखळ्या भाड्याने देणारी मुलं उभीच असतात. त्यातला एकजण धावत आला. दीड हजार रुपये ठरले. पाच मिनिटांत त्याने साखळ्या चढवल्या, “बस, हो गया साब” म्हणाला आणि दुसऱ्या गाडीकडे पळाला. साखळ्या दिसल्यावर हवालदाराने हात केला. आम्ही निघालो. गाडी हे चालवत होते.

थोडं पुढं गेल्यावर मागच्या बाजूने खडाड् खडाड् आवाज यायला लागला. साखळी सैल होती आणि चाकावरच्या पत्र्यावर आपटत होती. मी मागेच बसले होते, मला तो अगदी कानाशी ऐकू येत होता. मनात आलं, विचारावं का? पण दोघे भाऊ पुढे रस्त्याबद्दल बोलत होते. मला गाडीतलं काय कळतंय, उगाच शंका कशाला काढा, म्हणून मी गप्प बसले. मैत्रिणींनो, हा लेख मी खरं तर त्या गप्प बसण्याबद्दल लिहिते आहे.

एका चढाच्या वळणावर पुढची चाकं जागच्या जागी गरगर फिरायला लागली. ह्यांनी आणखी गती दिली. गाडी पुढं जाईना. मग ती हळूच, अगदी हळूच, शेवाळावरून पाय सरकावा तशी तिरकी मागे सरकायला लागली, आणि ज्या बाजूला सरकत होती त्या बाजूला दरी होती. ह्यांनी ब्रेक दाबून धरला होता तरी ती सरकतच होती. दहा-बारा फूट गेली असेल. रस्ता साफ करणाऱ्या यंत्राने कडेला लोटून ठेवलेला बर्फाचा ढीग होता, त्यात मागचं चाक रुतलं आणि गाडी थांबली. धाकटी रडायला लागली. सासूबाई “धावीर महाराजा” एवढंच म्हणाल्या आणि त्यांनी दोन्ही नातवंडांना घट्ट धरलं.

आम्ही एकेक करून डोंगराच्या बाजूने उतरलो. आणि गंमत बघा, सुटका कुणी केली? सासूबाईंच्या गोणपाटाने! वाटेत कुठं बसायला लागलं तर असावं म्हणून त्यांनी रोह्याहून एक गोणपाट घडी करून आणलं होतं. आम्ही त्यांना त्यावरून हसलोही होतो. त्या म्हणाल्या, “अरे, चाकाखाली गोणपाट घाला. लावणीच्या दिवसांत चिखलात जीप रुतली की तुझे बाबा गोणपाट नाहीतर पेंढाच घालायचे ना?” पुढच्या चाकांखाली गोणपाट घातलं, दोन टॅक्सीवाले आणि भाऊजींनी मागून जोर लावला, आणि गाडी वर आली. त्यातला एक टॅक्सीवाला गाडीभोवती फिरला आणि म्हणाला, “साब, चेन तो पीछे बंधी है. ये गाडी आगे से खींचती है.”

झालं होतं ते असं. काही गाड्यांत इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना जातो, काहींत मागच्या. आपल्या बहुतेक छोट्या घरगुती गाड्या पुढच्या चाकांनी ओढतात. जुन्या पद्धतीच्या जीपा, मोठ्या दणकट गाड्या बहुधा मागच्या चाकांनी ढकलतात. साखळी बांधायची ती जोर असलेल्या चाकांना. त्या मुलाने सकाळपासून जीपांनाच साखळ्या बांधल्या असाव्यात, त्याच हाताने आमच्याही मागच्या चाकांना बांधून मोकळा झाला. मागची चाकं नुसती मागोमाग येणारी. त्यांना साखळ्या बांधून चढ चढणं म्हणजे बैलांना सोडून गाड्याच्याच चाकांना नाल ठोकण्यासारखं! मापही आमचं नव्हतं, म्हणून ती सैल आपटत होती.

त्या रात्री मनालीत मला झोप आली नाही. पाठीमागे खडखड ऐकत मी बसून राहिले होते. दूधवाल्याने पाव लिटर कमी घातलं तर मी लगेच बोलते. शाळेत पोराच्या वहीत काना चुकला तरी माझ्या नजरेतून सुटत नाही. मग माझी स्वतःची मुलं मांडीवर असताना मी का विचारलं नाही? ह्यांनाही वाईट वाटलं होतं. परतीच्या वाटेवर ते एवढंच म्हणाले, “तुला ऐकू येत होतं तर सांगायचंस ना.” मी म्हटलं, “पुन्हा सांगेन.” सांगायचं तर आधी कळायला हवं, म्हणून घरी आल्यावर मी हा विषय मुळापासून समजून घेतला. मी बी.ए. झाले ते मराठी घेऊन. मला कळलं, म्हणजे तुम्हांला नक्कीच कळेल.

सगळ्यांत आधी, गाडी घसरते का? परातीत कणीक मळताना परात ओट्यावर फिरायला लागली की आपण तिच्याखाली ओला फडका घालतो. परात आणि ओटा यांच्यामध्ये पकड देणारं काहीतरी हवं. चाकाचंही तेच आहे. आपल्या गाड्यांचे नेहमीचे टायर उन्हासाठी बनवलेले असतात. थंडी वाढली की त्यांचं रबर कडक होतं, आणि कडक रबर रस्त्याला बिलगत नाही. साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली हा फरक जाणवायला लागतो. थंड देशांत म्हणून हिवाळी टायर वेगळे मिळतात. त्यांचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि त्यावर बारीक बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात. खऱ्या हिवाळी टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमाचं फूल असं चिन्ह असतं. आपल्याला वर्षातून चार दिवसांसाठी असे टायर घेणं परवडत नाही, आणि कोकणच्या उन्हात ते भराभर झिजतील. मग आपल्यासाठी उरतात त्या वरून चढवायच्या वस्तू.

ही युक्तीसुद्धा जुनी आहे बरं का. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या कॅनास्टोटा गावचा हॅरी वीड नावाचा गृहस्थ होता. चिखलात आणि बर्फात पकड यावी म्हणून लोक चाकांना दोरखंड गुंडाळतात हे पाहून त्याला साखळ्यांची कल्पना सुचली असं सांगतात. १९०४ साली त्याने तिचं पेटंट घेतलं. म्हणजे सासूबाईंच्या गोणपाटाचाच हा मोठा भाऊ!

आता या वस्तूंचे प्रकार सांगते. पहिला, लोखंडी साखळ्या. त्यांतही दोन तऱ्हा. एक शिडीसारखी. टायरवर आडव्या साखळ्या, मध्ये मोकळी जागा. ती स्वस्त आणि मजबूत. पण चाक फिरताना मोकळी जागा जमिनीवर आली की तेवढा वेळ पकड कमी होते आणि बाजूला घसरायला ती हवी तशी अडवत नाही. दुसरी तऱ्हा शंकरपाळ्यांच्या नक्षीची. साखळ्या तिरक्या गुंफलेल्या असल्याने टायरवर चौकटी तयार होतात आणि कुठला ना कुठला दुवा सतत रस्त्यावर टेकलेला राहतो. वळणावळणांच्या घाटाला ही चांगली. आम्ही शेवटी हीच घेतली.

दुसरा प्रकार, जाड साखळीऐवजी पोलादी तारेच्या दोराचा. त्यावर मण्यांसारख्या नळ्या ओवलेल्या असतात. तो हलका, आणि ज्या गाडीत टायर आणि आतला पत्रा यांच्यात जागा अगदी कमी असते तिच्यासाठी सोयीचा. मात्र खोल बर्फात साखळीइतका उपयोगी पडत नाही.

तिसरा प्रकार ऐकून तुम्ही हसाल. चाकांचे मोजे! चिवट कापडाची पिशवी टायरवर मोज्यासारखी चढवायची. कापडाचे धागे बर्फाला धरतात. हलके, घडी करून ठेवायला सोपे, हात काळे होत नाहीत, चढवायला बायकांनाही अवघड नाहीत. तोटा असा की बर्फ संपून डांबर लागलं की ते भराभर फाटतात. मनालीच्या वाटेवर थोडा बर्फ, थोडं डांबर, पुन्हा बर्फ अशीच गत असते, म्हणून मोज्यांचा मोह मी आवरला. आणि पोलीस अडवतात तिथं ते साखळी बघतात हेही ध्यानात ठेवायला हवं.

चौथा प्रकार आमच्या खोक्यातले प्लास्टिकचे पट्टे. एकेक पट्टा टायरभोवती आवळायचा. खड्ड्यात रुतलेलं चाक दोन फूट बाहेर काढायला ते चालतील, पण त्यांच्या भरवशावर घाट चढू नका. आमचे दोन पट्टे नंतर आम्ही आवळून पाहिले, तर एकाची पकडच निसटली.

“आमची गाडी चारही चाकांना जोर देणारी आहे, आम्हांला काय भीती,” असंही कुणी म्हणेल. माझी एक मावसबहीण कॅलिफोर्नियात असते. ती मंडळी थंडीत ताहो सरोवराकडे डोंगरात जातात. तिने मला फोनवर नीट समजावलं. चारही चाकांना जोर असला की गाडी निघताना आणि चढताना मदत होते. थांबताना त्याचा काही उपयोग नाही. थांबायचं काम टायरच्या पकडीचं, आणि ती सगळ्या गाड्यांना सारखीच. तिकडे डोंगरातल्या रस्त्यांवर तीन पायऱ्यांचा नियम लावतात. पहिल्या पायरीला साखळ्या किंवा बर्फाचे टायर, दोन्हींपैकी एक चालतं. दुसरीला चारही चाकांना जोर आणि वर बर्फाचे टायर असलेल्यांनाच साखळ्या बांधण्यातून सूट, तरी साखळ्या बरोबर बाळगायच्याच. तिसरीला सूट कुणालाच नाही. तिथंही कडेला पैसे घेऊन साखळ्या बांधून देणारी माणसं उभी असतात, फक्त त्यांच्याकडे सरकारी परवाना असतो.

आता मापाचं. कासाराकडे आपण हात पुढे करतो, तो दाबून बघतो आणि मगच बांगडी काढतो. मैत्रिणीचं माप सांगून आपली बांगडी येत नाही. साखळीचंही तसंच आहे. टायरच्या बाजूवर आकडे उठवलेले असतात. आमच्यावर १६५/८० आर १४ असे आहेत. १६५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ८० म्हणजे टायरच्या बाजूची उंची त्या रुंदीच्या शेकडा किती ते, आणि १४ म्हणजे आतल्या लोखंडी चाकाचा व्यास इंचांत. हे तिन्ही आकडे साखळीच्या खोक्यावर छापलेले असले तरच ती आपली. शिवाय गाडीबरोबर आलेली पुस्तिका काढून वाचा. काही गाड्यांना काही मापाच्या टायरवर साखळी लावूच नका असं त्यात स्पष्ट दिलेलं असतं. आमच्या घरी ती पुस्तिका कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत जशीच्या तशी होती. पहिल्यांदा उघडली ती मी!

सुदैवाने दोघा भावांच्या गाड्या एकाच बनावटीच्या. तरी मी भाऊजींना त्यांच्या टायरचा फोटो पाठवायला लावला आणि आकडे जुळवले. साखळ्यांना साडेचार हजार रुपये पडले. ह्यांना ते जरा जास्त वाटले. मी म्हटलं, “भाड्याचे दीड हजार आणि त्या दिवशी वाचलेला जीव धरा, मग हिशेब करा.” ते हसले.

२०२४ ची दिवाळी झाली आणि एका रविवारी आम्ही अंगणात चटई टाकून सराव केला. शेजारच्या वहिनी कुंपणावरून बघत होत्या. “काय हो, यंदा रोह्यात बर्फ पडणार वाटतं?” म्हणाल्या. पडू दे म्हटलं, आम्ही तयार आहोत!

पहिल्यांदा आम्हांला चाळीस मिनिटं लागली. साखळी आधी जमिनीवर पसरायची आणि वेणी सोडवावी तसे सगळे पीळ काढायचे. आकड्यांची टोकं बाहेरच्या बाजूला ठेवायची, म्हणजे ती टायरला टोचत नाहीत. मग टायरवर पांघरायची, आतल्या बाजूचा आकडा आधी अडकवायचा, नंतर बाहेरचा, आणि मग ताण द्यायचा. तरी ती पहिल्यांदा थोडी सैलच राहते. म्हणून गाडी पन्नास-शंभर मीटर हळू चालवायची, थांबायचं, उतरून पुन्हा आवळायची. त्या पोराने हेच केलं नव्हतं. चौथ्या खेपेला आमचं काम अकरा मिनिटांत झालं. सरावाशिवाय हे पहिल्यांदाच बर्फात, बोटं बधिर झालेली, मागे गाड्यांचे भोंगे, अशा वेळी करायला घेतलं तर काय होईल, विचार करा.

पिशवीत काय काय असावं तेही सांगते. गुडघे टेकायला प्लास्टिकचा कागद, रबरी हातमोजे, डोक्याला बांधायची विजेरी, जुनं फडकं, छोटं फावडं, डबाभर कोरडी राख किंवा वाळू, आणि अर्थात गोणपाट. साडी नेसून हे काम करू नका, ओढणी असेल तर कमरेला घट्ट खोचा. बांधताना इंजिन बंद, हातब्रेक ओढलेला, आणि मुलं रस्त्याच्या बाजूला नकोत. वर पोहोचल्यावर टायरमधली हवा तपासून घ्या. थंडीत हवा आकसते. तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की दाब साधारण एका पौंडाने कमी होतो.

साखळ्या बांधल्या म्हणून गाडी उडवायची नाही. ताशी ४० किलोमीटरच्या आतच. उतारावर खालचा गिअर, ब्रेक हलक्या पायाने. पुढच्या चाकांना साखळ्या असल्या तरी मागची चाकं मोकळीच असतात. जोरात ब्रेक दाबला तर गाडीची मागची बाजू फिरते. साधं डांबर लागलं की साखळ्या काढायच्या, नाहीतर त्या तुटतात आणि पत्रा फाडतात. आणि वेळ सांभाळायची. दुपारी उन्हाने वितळलेलं पाणी सूर्य कलला की पुन्हा गोठतं. त्याची काचेसारखी पातळ साय रस्त्यावर धरते, ती डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. म्हणून सकाळी ऊन वर आल्यावर निघायचं आणि तीनच्या आत खाली यायचं.

एवढी सगळी तयारी करून त्या नाताळात आम्ही पुन्हा गेलो. निघायच्या आधी ह्यांना आणि भाऊजींना मी एक गोष्ट कबूल करायला लावली. गाडीतल्या कुणीही, अगदी सासूबाईंनीही, “थांबा” म्हटलं तर गाडी थांबवायची आणि मग बोलायचं. आधी थांबायचं, वाद नंतर.

२३ डिसेंबर २०२४ ला सोलंग ते अटल बोगदा या रस्त्यावर बर्फामुळे सुमारे हजार गाड्या अडकल्या. ती बातमी आम्ही वाटेतच वाचली. चार दिवसांनी, २७ तारखेला, आम्ही सकाळी निघालो. साखळ्या मीच बांधायला घेतल्या. ह्यांनी पुढे-मागे गाडी हलवली, भाऊजींनी दुसरं चाक केलं. पुढच्या चाकांना बांधल्या, शंभर मीटरवर उतरून पुन्हा आवळल्या. आवाज अगदी सारखा, टाळांसारखा. छान चाललो होतो. सोलंगच्या जवळ आलो तर आभाळ भरून आलं आणि कापूस पिंजल्यासारखा बर्फ पडायला लागला. मुलं आनंदाने ओरडली. पुढे गाड्यांची रांग दिसत होती, आणि वरून येणारी एकही गाडी दिसेना.

मी म्हटलं, “थांबा.”

ह्यांनी गाडी बाजूला घेतली. भाऊजी म्हणाले, “वहिनी, साखळ्या आहेत की. पोलीस अजून सोडताहेत. सिस्सू अर्ध्या तासावर राहिलं.” मुलांचे चेहरे उतरले. खरं सांगते, मलाही क्षणभर वाटलं, एवढे साडेचार हजार घातले, एवढा सराव केला, तो काय अर्ध्या रस्त्यातून परत यायला? पण माझी साखळी माझी गाडी धरेल, पुढच्या रांगेतल्या बिनसाखळीच्या गाडीला कोण धरणार? ती आडवी झाली की आमच्याही वाटेला कुलूप. सासूबाईंचं रक्तदाबाचं औषध हॉटेलात होतं. मी म्हटलं, “बर्फ इथेही पडतोच आहे. इथंच खेळू या आणि जेवायला खाली जाऊ या.”

ह्यांनी एक मिनिट पुढे पाहिलं आणि गाडी वळवली. खाली येताना साखळ्यांचा खरा उपयोग कळला. त्या ताज्या बर्फावर आमची गाडी मुंगीच्या पावलांनी, पण सरळ उतरली. दोन वळणांवर दोन गाड्या आडव्या झालेल्या पाहिल्या. रात्री हॉटेलात बातमी आली की सोलंगला पुन्हा हजारभर गाड्या अडकल्या आहेत आणि पोलीस हजारो माणसांना खाली आणताहेत. सासूबाई खाटेवर बसून धाकटीला भात भरवत होत्या. भाऊजी चहाचे कप घेऊन आले, पहिला माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “वहिनी, पुढच्या खेपेला पुढच्या सीटवर तुम्ही.”

रोह्याला आल्यावर साखळ्या मी साध्या पाण्याने धुतल्या, उन्हात वाळवल्या, बिडाच्या तव्याला लावतो तसा तेलाचा हात फिरवला आणि गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवल्या. गंजल्या तर पुढच्या वेळी दुवा तुटेल. त्यांचं काम इथं नाही. पण टायरकडे बघायची जी सवय लागली ती मात्र इथंच जास्त उपयोगी पडते. आपला पाऊस काही बर्फापेक्षा कमी नाही. श्रावणात सुकेळी खिंडीत नाहीतर भिसे खिंडीत ओल्या रस्त्यावर गुळगुळीत टायरची गाडी काय करते ते आपण पाहतोच. टायरच्या खाचा १.६ मिलिमीटरपेक्षा कमी उरल्या की तो टायर बदलायचा, असा नियमच आहे. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की समजायचं, त्याचे दिवस भरले. मृग लागायच्या आधी लोणच्याच्या बरण्या उन्हात ठेवतो ना, त्याच दिवशी खाली वाकून चारही टायर बघून घ्यायचे. दोन मिनिटांचं काम आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, बर्फ बघायला जरूर जा. लाडू-चिवडा बांधालच, स्वेटर काढालच. त्याबरोबर टायरवरचे आकडे एका चिठ्ठीवर लिहून घ्या. आपली गाडी पुढून ओढते की मागून ढकलते हे घरच्यांना आधीच विचारून ठेवा. आणि मागच्या सीटवर बसून काही खडखडलं, तर मुकाट ऐकत बसू नका. थांबा म्हणा.